गाडीभोवती एक फेरी

गाडीत बसण्याआधी मी गाडीभोवती एक फेरी मारतो. पुढून सुरुवात, मग डावी बाजू, मागे जाऊन वाकून खाली बघायचं, मग उजवी बाजू, आणि त्यानंतरच दाराला हात. फेरी मारताना बोट दाखवून मोठ्याने बोलायचंही असतं, पण अमेरिकेतल्या बॉथेलला आल्यापासून ते मी मनातल्या मनात म्हणतो. आलो त्या पहिल्याच महिन्यात समोरच्या घरातल्या बाईंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं होतं, की तुझ्या नवऱ्याचं रोज सकाळी काय हरवतं. माझी पंधरा वर्षांची मुलगी तर शाळेच्या पार्किंगमध्ये मी फेरीला निघालो की दुसरीकडे तोंड करून उभी राहते. राहू दे. जपानमध्ये सहा वर्षं काढल्यावर ज्या दोन-तीन सवयी सामानाबरोबर आपोआप अमेरिकेत आल्या, त्यातली ही एक.

दुसरी सवय मात्र सोडावी लागली. जपानमध्ये कुणी आपल्याला वाट दिली की पार्किंगचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानतात. इथे मी तसं केलं, तर मागचा दाढीवाला गृहस्थ आपला पिकअप थांबवून टूलबॉक्स घेऊनच खाली उतरला. गाडीला काही झालेलं नाही, मी फक्त थँक्यू म्हणालो, हे त्याला समजावताना माझी दमछाक झाली. त्याचा विश्वास बसला नाही. शेवटी त्याने माझं बॉनेट उघडून ऑइल बघितलं आणि मगच तो गेला.

गाड्यांचं वेड माझ्यात आबांकडून आलं. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळच्या एका दूध संघाचा टँकर त्यांनी चौतीस वर्षं चालवला. आंबा घाट उतरून रत्नागिरीला दूध पोचवायचं आणि परत यायचं. या चौतीस वर्षांत टँकर कधी खरचटला नाही, हे ते अजूनही कुणीही न विचारता सांगतात. निघण्याआधी हातात टॉमी, म्हणजे जॅकचा लोखंडी दांडा, घेऊन ते प्रत्येक टायरवर एक टोला मारायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. लहानपणी मला वाटायचं की ते टायरना उठवतायत.

पुढे मी सॉफ्टवेअर शिकलो आणि गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळून जपानला गेलो. नागोयाच्या पुढे एक लहानसं कारखान्यांचं गाव. ऑफिसात मी एकटा भारतीय, त्यामुळे गावात माझं नावच इंदो-सान पडलं. गाड्यांच्या वेडापायी जावं असा देश तो हाच. दर रविवारी सकाळी हायवेच्या थांब्यावर लोक आपापल्या जुन्या गाड्या पुसून-पासून आणून उभ्या करायचे आणि शेजारी खुर्ची टाकून कॅनमधली कॉफी पीत बसायचे. मी सायकलवरून जायचो आणि सगळ्या गाड्यांना मनातल्या मनात माझ्या करून परत यायचो.

स्वतःची गाडी घ्यायची तर लायसन्स हवं, आणि आपलं भारतातलं लायसन्स तिथे बदलून मिळण्यासाठी गाडी चालवून दाखवावी लागते. टँकर ड्रायव्हरचा मुलगा मी, मला काय होतंय, अशा तोऱ्यात गेलो आणि चार वेळा नापास झालो. त्यातल्या दोनदा तर गाडी सुरू करण्याआधीच. परीक्षक काही सांगायचाही नाही, नुसता कागदावर रेघ मारायचा आणि वाकून नमस्कार करायचा. त्या नमस्काराचा मला भयंकर राग यायचा.

माझे घरमालक तेव्हा सत्तरीचे होते. बस डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलेलं. मी त्यांना आजोबाच म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आजी. चौथ्यांदा नापास होऊन आलो, तेव्हा त्यांनी अंगणात खडूने गाडीएवढा चौकोन काढला आणि मला त्याच्याभोवती फिरायला लावलं. थांब, बोट दाखव, म्हण. पुढे मोकळं. वाक. खाली मोकळं. मागे मोकळं. प्रत्येक ठिकाणी शेवटी 'योशी' म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. नसलेल्या गाडीभोवती मी संध्याकाळभर फिरलो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शाळेच्या पोरांनी मला बघून घेतलं. डेपोत चाळीस वर्षं आम्ही हेच केलं, आजोबा म्हणाले, डोळ्याने बघितलेलं खोटं असू शकतं, म्हणून बोटाने आणि तोंडानेही बघायचं. पाचव्या वेळी मी पास झालो.

मग एक जुनी छोटी गाडी घेतली. तिथे गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि माझी जागा म्हणजे आजोबांच्या अंगणातला तोच खडूचा चौकोन. गाडी आली त्या दिवशी मी सुपरमार्केटमधून चार लिंबं आणली, चार चाकांखाली ठेवली, कुंकवाचं बोट लावलं आणि गाडी पुढे घेतली. आजी धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं माझी पिशवी फाटून लिंबं सांडली आणि मला कळलंच नाही. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, की आमच्याकडे नवी गाडी अशीच निघते, सगळं वाईट त्या लिंबात जातं. आजींनी ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं आणि झाडू आणून अंगण साफ केलं.

त्या लिंबांनी आजींच्या डोक्यात काय सोडून दिलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं. आजोबांचीही एक गाडी होती, तिच्यातून ते आजींना बाजारात आणि दवाखान्यात न्यायचे. एका सकाळी बघतो तर आजोबा गाडीभोवती फेरी मारतायत आणि मागच्या चाकापाशी वाकून त्यांनी एक पिवळं फळ उचललं. अंगणात त्यांचं युझूचं झाड होतं. युझू म्हणजे लिंबाचाच भाऊ, वासाला संत्र्याकडे झुकलेला. आजी रोज सकाळी एक युझू गाडीच्या आसपास कुठेतरी ठेवायच्या. रोज जागा वेगळी. ते सापडल्याशिवाय आजोबांनी किल्ली फिरवायची नाही. झाडावर फळं नसली की बटाटा. नवऱ्याचं वय झालं, आता त्याला गाडी चालवू द्यायची की नाही, या प्रश्नावर आजींनी शोधलेलं हे उत्तर होतं. त्यात भांडण नव्हतं, डॉक्टर नव्हता, मुलांचे फोन नव्हते. आजोबा फळ उचलायचे, खिशात टाकायचे आणि म्हणायचे, योशी.

जवळजवळ साडेतीन वर्षं त्यांना ते रोज सापडलं. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी मी ऑफिसला निघत होतो, तेव्हा आजोबा अंगणात पाण्याची नळी घेऊन टायर धूत होते आणि जमिनीवर युझूचा लगदा होता. आजी दारात उभ्या होत्या. त्याच आठवड्यात आजोबांनी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःचं लायसन्स परत केलं. तिथे अशी पद्धत आहे, म्हातारी माणसं आपणहून परत करतात. गाडी विकून टाकली, आणि डेपोतली एक लांब दांड्याची छोटी हातोडी, जिने ते चाकांचे नट ठोकून बघायचे, ती मला दिली. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माणसाला इतक्या नीट थांबता येतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं.

नंतर बायकोला बॉथेलमधल्या एका लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. ती नागपूरची. गाड्यांबद्दल तिचं मत असं, की सुरू होते ती चांगली. तरी दोन वर्षांपूर्वी तिने मला माझा हट्ट पुरवू दिला. जपानमधली गाडी पंचवीस वर्षं जुनी झाली की अमेरिकेत आणता येते. मी तिकडचा एक छोटा पांढरा ट्रक मागवला. तिथले शेतकरी वापरतात तो. इंजिन सीटखाली, स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. बंदरावरून तो घरी आणला, तेव्हा बायको म्हणाली, यात आपला फ्रीज तरी मावेल का. इथल्या पिकअपांच्या शेजारी तो उभा केला की लोक फोटो काढतात. शनिवारी मी त्यातून जवळच्या एका शेतावरून बागेसाठी खत आणतो. तेवढंच त्याचं काम आणि तेवढंच माझं सुख.

गेल्या वर्षी आबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कोल्हापूरला ते माझ्या मोठ्या भावाजवळ, दादाजवळ राहतात. आबांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट केली. आमच्या नेहमीच्या गाडीकडे गेले की ते सरळ उजव्या दाराकडे जायचे. आयुष्यभराची सवय, ड्रायव्हरचं दार उजवीकडे. अमेरिकेत उजवीकडे प्रवासी बसतो, त्यामुळे ते बरोबर जागी बसायचे, फक्त समोर स्टिअरिंग नसायचं. मग प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय समोरच्या चटईवर दाबला जायचा. मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा ब्रेक लागलेला असायचा. मला त्याचा वैताग यायचा. आबा, ब्रेक माझ्याकडे आहे, मी म्हणायचो. ते पाय मागे घ्यायचे आणि पुढच्या सिग्नलला परत दाबायचे.

छोट्या ट्रकपाशी उलटं व्हायचं. तिथेही ते उजव्या दाराला हात घालायचे आणि तिथे खरोखरच स्टिअरिंग असायचं. आबा, तिकडून, मी सांगायचो. ते क्षणभर आतल्या गिअरकडे बघायचे, मग कुरकुरत वळसा घालून डावीकडे यायचे. असं दर शनिवारी.

ते आल्यावर महिन्याभराने दादाचा फोन आला. आबांना काचबिंदू आहे. औषधं चालू आहेत, पण डोळ्यांच्या कडेचं दिसणं कमी होत चाललंय आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरने सांगितलंय. घराच्या फाटकाच्या खांबाला त्यांनी दादाची व्हॅन दोनदा घासली होती. आबांच्या मते खांब आधी तिथे नव्हता. आणि हेच आबा रोज सकाळी दादाची दोन मुलं आणि शेजारची चार, अशी सहा पोरं व्हॅनमध्ये घालून सात किलोमीटरवरच्या शाळेत सोडत होते. दादा म्हणाला, मी विषय काढला की दोन दिवस जेवत नाहीत, म्हणतात माझं हातपाय तोडा. तू लांब असतोस, तुझं ऐकतील. परत येण्याआधी त्यांच्याकडून वदवून घे की आता चालवणार नाही.

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय. पण आबांसमोर माझी जीभ उचलत नाही, हे दादालाही माहीत होतं. ज्यांच्या टँकरच्या हॉर्नवरून मी शाळेतून पळत घरी यायचो, त्यांना मी सांगायचं की तुम्हाला गाडी येत नाही? दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी डोळ्यांचं विचारलं, तर म्हणाले, "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? ती पल्याडची निळी गाडी बघ." आणि चौकाच्या पलीकडच्या गाडीचा नंबर त्यांनी धडाधड वाचून दाखवला. मला तो धड दिसतही नव्हता. काचबिंदूचं हेच वाईट. समोरचं लख्ख दिसतं, त्यामुळे माणसाला कडेचं गेलेलं कळतच नाही. त्या दिवसापासून ते जाता-येता लोकांच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचू लागले.

दुसऱ्या वेळी मी आडून गेलो. जेवताना जपानच्या आजोबांची आणि युझूची गोष्ट सांगितली. मुलीने ती आधी ऐकली होती, तरी बटाट्यापाशी परत हसली. आबांनी जेवण थांबवून ऐकलं. "बायको हुशार," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् त्यो बी शाणा. पण त्याचं वय झालं हुतं." आबा आता त्या वेळच्या आजोबांपेक्षा वर्षभराने मोठे होते. मी भाताला हात घातला आणि विषय तिथेच संपला.

परत जायला तीन आठवडे उरले. दादाचे मेसेज रोज येत होते. बायको म्हणाली, तू नाही बोललास तर मी बोलते, आणि त्यांना ते माझ्याकडून ऐकायला लावू नकोस. ती बरोबर होती. त्याच शनिवारी सकाळी आबांनीच विचारलं. खताला जायचं होतं, मी ट्रकची किल्ली घेतली, आणि ते म्हणाले, शेतावर एकदा मला फिरवू दे की. रस्त्यावर नाही, आतल्या आत. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली गाडी इथं तुझ्याकडंच आहे. मी हो म्हणालो. मग पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि टोपलीतलं एक लिंबू जॅकेटच्या खिशात टाकलं.

वाटेत खिशातलं ते लिंबू मला सारखं जाणवत होतं. मला स्वतःची लाज वाटत होती. आजींनी आजोबांना सांगून फळ ठेवलं होतं. मी बापाची चोरून परीक्षा घ्यायला निघालो होतो, कारण तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. आणि तरी मनातून मी देवाला सांगत होतो, की त्यांना ते दिसू दे. दिसलं असतं तर दादाला काय सांगायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

शेत एका सत्तरीच्या अमेरिकन बाईंचं आहे. आम्ही शेडसमोर ट्रक लावला. आबांना जरा चालवून बघायचंय, असं मी त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, खुशाल, फक्त कोंबड्या मागच्या कुंपणात आहेत तिकडे जाऊ नका, आणि आत निघून गेल्या. आबांनी हातोडी मागितली. जपानची ती हातोडी मी ट्रकमध्येच ठेवतो. त्यांच्या हातात ती इतकी शोभत होती, की जणू त्यांचीच कुणीतरी एवढी वर्षं सांभाळून ठेवली होती. ते चपला काढून पायांनी खडी चाचपत असताना मी ट्रकच्या मागून गेलो आणि मागच्या डाव्या चाकाच्या बरोबर मागे, वीतभर अंतरावर लिंबू ठेवलं. लपवलं नव्हतं. पावसाने ओल्या झालेल्या करड्या खडीवर ते पिवळंजर्द दिसत होतं.

आबांनी फेरी सुरू केली. मी सांगितली नव्हती. ती त्यांची स्वतःची, टँकरची फेरी होती. पुढच्या उजव्या टायरवर टोला. मान हलवली. पुढच्या डाव्यावर टोला. मग मागच्या डाव्यापाशी आले, वाकले, टोला मारला, परत एक मारला आणि कान जवळ नेला. लिंबू त्यांच्या पायापासून हातभरावर होतं. "ह्यात हवा कमी हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, बघतो. ते सरळ झाले, मागून वळसा घेतला, शेवटच्या टायरवर टोला मारला आणि उजव्या दाराने आत बसले.

मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. डावीकडून आत बसलो. आबांनी सीट पुढे घेतली, गिअर दोन्ही बाजूंना हलवून बघितला, आरसा नीट केला. त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला तिकडे बघवेना. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि क्लच असा काही सोडला, की मला दोन वर्षांत या ट्रकवर तसा एकदाही सोडता आला नाही. ट्रक हातभर मागे गेला आणि आबांनी लगेच ब्रेक मारला.

"काय तरी फुटलं," ते म्हणाले.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. इंजिन आमच्या बुडाखाली धडधडत होतं आणि खाली खडी होती. पण आबांनी ऐकलं. हँडब्रेक ओढून ते उतरले आणि मागे गेले. मी पाठोपाठ गेलो. ते चाकापाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तळहातावर चपटं झालेलं लिंबू होतं. मी घाईघाईने म्हणालो, "तुम्ही पहिल्यांदा हा ट्रक चालवताय ना आबा, म्हणून ठेवलं. पूजेचं."

त्यांनी लिंबाचा वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूजेला चार ठेवत्यात. तू एकच ठेवलंस."

मला वाटलं आता ते चिडतील, हातोडी फेकतील. मला ते चाललं असतं. त्यांनी विचारलं, नेमकं कुठं ठेवलं हुतंस? मी जागा दाखवली. त्यांनी ते चपटं लिंबू परत त्याच जागी ठेवलं, पुढच्या चाकापर्यंत चालत गेले आणि तिथून पुन्हा आले, तसेच, मघाच्याच चालीने. टायरपाशी वाकले. टायरकडे बघत थांबले. मग मान हळूहळू वळवत गेले, आणखी वळवली, आणि एका ठिकाणी थांबवली. मागे घेतली, परत वळवली. एखादा नट ढिला आहे का हे बघावं तसं ते स्वतःचा डोळा तपासत होते.

"इथनं दिसत न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "बुटाची लेस बांधाय पोरगं वाकलं, तर ते बी एवढंच दिसतंय."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तर तो त्यांनी थोपटला, जणू दिलासा मला हवा होता. मग ते ट्रकपाशी गेले, इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या हातात दिली. दादाला तू काही सांगू नको, मी सांगतो, म्हणाले. हातोडी मात्र त्यांनी परत दिली नाही. ही मी घिऊन जातो, दादाला टायरचं काही कळत न्हाई, एवढंच म्हणाले. ती आता कोल्हापूरला आहे. व्हॅन दादा चालवतो, आणि ती निघण्याआधी सहा पोरं एका रेषेत उभी करून आबा तिच्याभोवती फेरी मारतात.

आम्ही खत भरलं. फावडं त्यांनीच घेतलं, मला एक घमेलंही धड भरू दिलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा मी तोंड उघडणार होतो, नेहमीसारखं. त्याची गरज पडली नाही. आबा उजव्या दारापाशी जराही न थांबता पुढून वळसा घालून गेले आणि डावं दार उघडून आत बसले.

येताना रस्त्यावर शनिवारची वर्दळ होती. एका चौकात समोरचा एकदम थांबला आणि मला ब्रेक मारायला उशीर झाला, ट्रक कच्चकन थांबला, मागचं खत पुढे सरकलं. सवयीने मी त्यांच्या पायाकडे बघितलं. दोन्ही पावलं चटईवर सपाट होती. आबा खिडकीतून बाहेर बघत होते, आणि समोरच्या गाडीचा नंबरही त्यांनी वाचला नाही. पाच महिने ज्या पायाचा मला वैताग येत होता, त्याने एकदा, एकदाच ब्रेक मारावा, असं मला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.